आवाज मोजण्याआधी

“मला भास होत नाही हो, एवढं आधी लिहून घ्या,” असं दारातच सांगणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंमुळे हे पुस्तक लिहायचं मनात आलं. तिसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. रात्री अकरानंतर झोपायच्या खोलीत एक बारीक घूंऽऽ सुरू व्हायचं आणि तासभर चालायचं. मुलाला ते ऐकू येत नव्हतं. सुनेला ‘कधी कधी वाटतं’ इतपत. कानाच्या डॉक्टरांनी तपासून कान वयाच्या मानानं उत्तम आहेत, असं सांगितलं होतं. सोसायटीनं कुठून तरी मीटर आणून आकडा घेतला, तो आला ३८ डेसिबल. निवासी भागाची रात्रीची मर्यादा ४५. म्हणजे तक्रारीला आधारच नाही, असं ठरलं. मधल्या काळात एका ठेकेदारानं उशाकडच्या भिंतीला दोन इंची फोम चिकटवून चांगले पैसे नेले होते. आवाज होता तिथेच होता.

मी बाईंना एकच विचारलं, “लेकीकडे राहायला जाता तेव्हा हा आवाज तिथेही येतो का?” त्या म्हणाल्या, “छे. तिथे उशीला डोकं टेकलं की झोप लागते.” कानातला आवाज माणसाबरोबर फिरतो, घर बदललं तरी सोडत नाही. हा आवाज घरातच राहत होता, म्हणजे तो घराचा होता. रात्री आम्ही पंखा बंद केला, फ्रिजचा प्लग काढला, आणि मी भिंतीला तळहात लावला. भिंत थरथरत होती, मांडीवर घेतलेलं मांजर गुरगुरताना हाताला लागतं तशी. खाली फोन करून पंप बंद करायला सांगितला. क्षणात खोली मोठी झाल्यासारखी वाटली. बाई काहीच बोलल्या नाहीत. मुलगा मात्र म्हणाला, “अरे, हा आवाज होता होय!”

पाणी रात्री येत असल्यामुळे पंपही रात्रीच चालायचा. तळमजल्यावर तो सिमेंटच्या चौथऱ्याला बोल्टनं आवळलेला होता, आणि गच्चीवरच्या टाकीकडे जाणारा लोखंडी पाइप प्रत्येक मजल्यावर क्लॅम्पनं थेट भिंतीत ठोकलेला. बाईंच्या उशाची भिंत म्हणजे नेमकी त्या पाइपची भिंत. पंपाखाली रबराचे पॅड, पंप आणि पाइप यांच्या जोडावर रबरी बेलो आणि क्लॅम्पच्या आत रबराची पट्टी, एवढ्यावर काम झालं. खर्च फोमपेक्षा कमी आला.

हा प्रसंग सुरुवातीला सांगण्याचं कारण असं, की गेली अनेक वर्षं घरं, कारखाने, सभागृहं आणि रस्ते यांचे आवाज मोजत फिरताना माझं एक मत पक्कं झालं आहे. त्रास होतो म्हणणारा माणूस फार क्वचित चुकीचा असतो. त्याचं म्हणणं आणि मीटरवरचा आकडा जुळत नसला, तर पहिली शंका मापनाबद्दल घ्यावी, माणसाबद्दल नाही. मीटर खोटं बोलत नाही हे खरं, पण त्याला जे विचाराल तेवढंच तो सांगतो.

त्या खोलीत मीटरला काय विचारलं गेलं होतं ते पाहू. ३८ हा आकडा ‘ए-वेटिंग’ लावून घेतलेला होता. आपला कान सगळ्या स्वरांना सारखी दाद देत नाही. खर्जातले आवाज त्याला हळू वाटतात, मधल्या पट्टीतले मोठे. बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी १९३३ साली याचे आलेख प्रसिद्ध केले. मीटरनं कानासारखं वागावं म्हणून अशा आलेखांवरून एक चाळणी बनवली गेली, ती ए-वेटिंग. ही चाळणी १००० हर्ट्झचा आवाज जसाच्या तसा पुढे जाऊ देते, १०० हर्ट्झवर सुमारे १९ डेसिबल कापते आणि ५० हर्ट्झवर ३०. मोटारीची, पंपाची, ट्रान्सफॉर्मरची गुणगुण नेमकी याच टापूत असते. बाईंच्या खोलीत मी त्याच मीटरवर ‘सी-वेटिंग’ लावलं, जे खर्जाला जवळजवळ हात लावत नाही. आकडा आला ५८. ए आणि सी यांत वीस डेसिबलचं अंतर पडलं की समजावं, आवाज खर्जातला आहे.

डेसिबल हे एकक लोकांना कोड्यात टाकतं, आणि त्यात लोकांचा दोष नाही. टेलिफोनच्या तारांमध्ये वाटेत किती आवाज गळतो हे मोजायला १९२०च्या दशकात ते आलं आणि अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्या नावावरून त्याला नाव मिळालं. ते किलो किंवा मीटरसारखं बेरजेत बसत नाही. सारख्याच आवाजाची दोन यंत्रं शेजारी शेजारी ठेवली तर ७० आणि ७० मिळून १४० होत नाहीत, ७३ होतात. १० डेसिबल वाढले म्हणजे ऊर्जा दहापट, आणि कानाला मात्र साधारण दुप्पट मोठा वाटणारा आवाज. हे एकदा मनात बसलं की बऱ्याच भांडणांचा रंग बदलतो. कारखानदार म्हणतो, “आमचं यंत्र बंद असताना तुमच्या खिडकीशी ४५, चालू असताना ४८. तीन डेसिबलसाठी एवढा आरडाओरडा?” त्या तिनाचा अर्थ असा, की वाहनं, कुत्री, वारा, अख्खा परिसर मिळून जेवढा आवाज करतो, तेवढाच त्याचं एकटं यंत्र करतं. म्हणून यंत्र बंद ठेवूनही मोजायचं, हा नियम मी कधी सोडत नाही.

आता हीच ए-वेटिंगची गोष्ट मिरवणुकीत नेऊन पाहा. पुण्यात गणेश विसर्जनाच्या दिवशी अभियांत्रिकीचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावरच्या चौकाचौकांत आवाज मोजतात. ही प्रथा वीस वर्षांहून जुनी आहे आणि मला तिचं फार कौतुक वाटतं, कारण दरवर्षी त्याच जागी, त्याच पद्धतीनं घेतलेले आकडे ही दुर्मीळ गोष्ट आहे. साथीची वर्षं सोडली तर सरासरी बहुतेक वेळा नव्वदीच्या आसपास किंवा तिच्या वर राहिली आहे. पण ढोल-ताशाचे ९५ आणि डीजेच्या भिंतीचे ९५ सारखे नसतात. ताशाची काठी वरच्या पट्टीत कडाडते, ती मीटरला पुरी दिसते. डीजेचा दणका ४०–६० हर्ट्झमध्ये असतो, तिथे ए-वेटिंग तीसएक डेसिबल कापून टाकतं. छातीत धडधडतं, खिडकीची काच थडथडते, कपाटातली भांडी वाजतात, पण यातलं फार थोडं आकड्यात उतरतं. शिवाय ही चाळणी हळू आवाजांसाठी बेतलेली आहे. आवाज मोठा झाला की कान खर्जालाही जवळजवळ पूर्ण दाद देऊ लागतो. म्हणजे जिथे ही चाळणी सर्वांत कमी लागू पडते, नेमकी तिथेच आपण तिच्यावर सर्वांत जास्त विसंबतो. डीजेच्या मापनात ए बरोबर सी-वेटिंगचा आकडाही नोंदवलाच पाहिजे, असं माझं स्पष्ट मत आहे.

सरासरीचंही असंच आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ या मर्यादा आहेत. व्यापारी भागात ६५ आणि ५५, औद्योगिक भागात ७५ आणि ७०, शांतता क्षेत्रात ५० आणि ४०. दिवस सकाळी ६ ते रात्री १०, उरलेली रात्र. या मर्यादा त्या काळातल्या सरासरीवर आहेत, आणि ती सरासरी ऊर्जेची आहे. रात्रीचे आठ तास धरले आणि त्यांतल्या एकाच तासात ५४ डेसिबलचा आवाज झाला, बाकी सात तास अगदी शांत, तर सरासरी येते ४५. नियम पाळला गेला, झोप मात्र मोडली. मीटरच्याही ‘फास्ट’ आणि ‘स्लो’ अशा दोन चाली असतात. फास्टमध्ये मीटर एका सेकंदाच्या आठव्या भागात प्रतिसाद देतो, स्लोमध्ये पूर्ण सेकंदात. दारं आपटणं, हातोडा, फटाका यांसारख्या आवाजांचा माथा स्लोमध्ये बोथट होतो. फटाक्यांसाठी म्हणूनच वेगळी पद्धत आहे: फुटण्याच्या जागेपासून ४ मीटरवर मोजायचं, आणि सी-वेटिंगच्या टोकाच्या मापात १४५ डेसिबलची मर्यादा. जागा, अंतर, वेळ, चाळणी आणि चाल यांच्याशिवाय ‘इतके डेसिबल’ असं छापलेली बातमी मी वाचतो तेव्हा मला काहीच कळलेलं नसतं.

मराठीत आवाजाला किती शब्द आहेत पाहा. कलकल, गलका, गोंगाट, कल्लोळ, खडखड, घरघर, ठणठणाट, दणदणाट, किणकिण, गुणगुण. यातला प्रत्येक शब्द मोजणाऱ्याला काहीतरी सांगतो. ‘खडखड’ म्हणाल तर काहीतरी सैल आहे. ‘घरघर’ म्हणाल तर फिरतं यंत्र, बहुधा बेअरिंग. ‘घूं घूं’ म्हणाल तर खर्जातला एकच स्वर. ‘घुमतो’ म्हणाल तर दोष आवाजाचा नाही, खोलीचा. तक्रार लिहून घेताना मी लोकांना त्यांचाच शब्द वापरू देतो. ‘ध्वनिप्रदूषण’ या एकाच शब्दात सगळं कोंबलं की निम्मी माहिती तिथेच हरवते.

घुमणाऱ्या खोल्यांचा प्रश्न शास्त्राच्या कक्षेत आणला तो वॉलेस सबाइन या अमेरिकन प्राध्यापकानं. १८९५ साली हार्वर्डच्या फॉग कला संग्रहालयातलं नवं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. बोललेलं वाक्य साडेपाच सेकंदांच्या आसपास तिथेच घुटमळायचं, पुढच्या वाक्यावर मागचं वाक्य पडायचं. विशीतल्या सबाइनला ते दुरुस्त करायला सांगण्यात आलं. त्याच्याकडे मायक्रोफोन नव्हता, मीटर नव्हता. ऑर्गनची एक नळी, वेळ मोजायचं घड्याळ आणि स्वतःचा कान, एवढंच. शेजारच्या सँडर्स थिएटरातल्या खुर्च्यांच्या गाद्या मदतनिसांबरोबर रात्री उचलून आणायच्या, एकेक करून मांडायच्या, नळी वाजवून थांबवायची, आवाज विरायला किती वेळ लागतो ते पाहायचं, आणि सकाळच्या आत गाद्या जागच्या जागी परत. रस्त्यावरची वर्दळ थांबल्यावरच हे शक्य व्हायचं. काही वर्षं त्यानं हे केलं आणि त्यातून एक साधं सूत्र निघालं: खोलीचं घनफळ घनमीटरमध्ये घ्या, त्याला ०.१६१ नं गुणा आणि खोलीतल्या एकूण शोषणानं भागा. उत्तर येतं ते सेकंदांत. १९०० साली सुरू झालेल्या बोस्टनच्या सिम्फनी हॉलची ध्वनिरचना त्यानं या हिशोबावर केली, आणि तो आजही जगातल्या उत्तम संगीतगृहांत गणला जातो.

हे सूत्र आपल्या गावातल्या हॉलला लावून बघा. २० मीटर लांब, १२ रुंद, ५ उंच. खाली शहाबादी किंवा टाइल्स, भिंतींना गिलावा, वर स्लॅब. अशा पृष्ठभागांवर पडलेल्या आवाजातला जेमतेम चार टक्के भाग शोषला जातो. घनफळ १२०० घनमीटर, एकूण पृष्ठभाग ८०० चौरस मीटर, शोषण ३२. उत्तर येतं ६ सेकंद. अशा हॉलमध्ये वक्त्याचं बोलणं कळत नाही म्हणून संयोजक स्पीकर वाढवतात आणि गोंधळ वाढतो, कारण स्पीकरही आपला आवाज त्याच सहा सेकंदांत ओततो. कार्यक्रमाला २०० माणसं आली की हाच हॉल दोन सेकंदांच्या खाली येतो, कारण माणसाचे कपडे आणि शरीर उत्तम शोषक आहेत. म्हणून सकाळी रिकाम्या हॉलमध्ये लावलेला माइक संध्याकाळी बदलावा लागतो. छताला चांगलं शोषक अस्तर दिलं, दाट ग्लासवूल आणि त्यावर विरळ कापड, तर रिकामा हॉलसुद्धा एका सेकंदावर येतो. एखादी शाळा सभागृहाच्या रंगावर जो खर्च करते त्यातला थोडा भाग छतावर केला, तर मुलांना मागच्या रांगेत वाक्याचा शेवट ऐकू येईल. मला याची कळकळ आहे, कारण मागच्या रांगेत बसलेलं मूल ‘मला ऐकू आलं नाही’ असं सहसा म्हणत नाही. ते गप्प बसतं.

याच ठिकाणी सर्वांत महागडी चूक होते. शोषणं आणि अडवणं ही दोन वेगळी कामं आहेत. फोम, पडदे, गालिचे, अंड्यांचे ट्रे खोलीतला घुमारा कमी करतात, पण शेजारच्या खोलीतला आवाज अडवत नाहीत. अडवायला वजन लागतं. नऊ इंची विटांची, दोन्ही बाजूंनी गिलावा केलेली भिंत पन्नास डेसिबलच्या आसपास अडवते. अंड्यांचा ट्रे जवळजवळ काहीच नाही. हल्लीचे हलके ब्लॉक बांधकामाला सोयीचे आहेत, पण हलके असल्यामुळेच ते आवाज जास्त सोडतात, हे घर घेणाऱ्याला कुणी सांगत नाही. आणि वजनदार भिंत बांधूनही फट राहिली तर सगळं फुकट. ९० सेंटिमीटर रुंद दाराखाली एक सेंटिमीटरची फट असेल, तर दार कितीही जाड सागवानी असो, तेवीसच्या वर डेसिबल अडत नाहीत. दुहेरी काचेच्या खिडकीवर पैसे घालून सरकत्या चौकटीच्या फटी तशाच ठेवणाऱ्यांना मी विनंती करतो, की आधी शंभर रुपयांची रबरपट्टी लावून पाहा. वरच्या मजल्यावरचा खलबत्ता आणि खुर्च्यांचं ओढणं यांवर मात्र खालून इलाज जवळजवळ नाही. तो इलाज वर व्हायला हवा, खुर्चीच्या पायांना टोप्या आणि खलबत्त्याखाली जाड रबर. त्यासाठी जिना चढून शेजाऱ्यांशी चार शब्द बोलावे लागतात.

एका गोष्टीवर, कामगारांच्या कानांवर, मला जास्त लिहायचं होतं, आणि पुस्तकातलं सर्वांत मोठं प्रकरण तेच आहे. इचलकरंजी, मालेगाव, भिवंडीच्या शटल मागांच्या शेडमध्ये आवाज शंभर डेसिबलच्या घरात असतो. तिथली माणसं एकमेकांशी ओठांवरून आणि खुणांनी बोलतात. भारतात कारखान्यातल्या कामगारासाठी आठ तासांना ९० डेसिबलची मर्यादा आहे. पुष्कळ देशांतले तज्ज्ञ ८५ सांगतात आणि मला तेच योग्य वाटतं. आवाजानं कान जातो तो आधी ४००० हर्ट्झच्या आसपास. त्या पट्टीत स, श, च, थ, फ यांसारखी व्यंजनं ओळखण्याच्या खुणा असतात. त्यामुळे माणूस म्हणतो, “ऐकू येतं, पण कळत नाही.” घरचे समजतात, लक्ष देत नाही. गेलेला कान परत येत नाही, कारण आतल्या कानातल्या केसपेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. पंधरा-वीस रुपयांचे इअरप्लग नीट बसवले तरी फार फरक पडतो. ते बसवायचे कसे, बोळा पिळून, कान वर-मागे ओढून, आत घालून अर्धा मिनिट दाबून, हे चित्रांसह दिलं आहे.

कायद्याबद्दल थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयानं १८ जुलै २००५च्या निकालात शांतपणे जगण्याचा हक्क घटनेच्या २१व्या कलमात असल्याचं मान्य केलं आणि दुसऱ्याला ऐकायला भाग पाडण्याचा हक्क कुणालाही नाही, असं सांगितलं. मुंबई उच्च न्यायालयात ठाण्याचे डॉ. महेश बेडेकर यांच्यासह इतरांच्या ध्वनिप्रदूषणाविरुद्धच्या याचिकांवर न्या. अभय ओक यांच्या खंडपीठानं ऑगस्ट २०१६मध्ये दिलेला निकाल महाराष्ट्रापुरता अजून महत्त्वाचा आहे. ‘आवाज फाउंडेशन’च्या सुमैरा अब्दुलली यांनी वर्षानुवर्षं हातात मीटर घेऊन मुंबईत केलेल्या नोंदींमुळे या विषयाला वर्तमानपत्रांत जागा मिळाली. या सगळ्यांच्या कामात समान गोष्ट एकच, नोंद.

आवाज मोजणाऱ्या मोबाइलवरच्या अ‍ॅपबद्दल हमखास विचारलं जातं. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो. मोठा आवाज तो आपोआप दाबतो, खर्ज नीट पकडत नाही, आणि दोन फोनांत पाच-सात डेसिबलचा फरक सहज पडतो. पोलिसांपुढे किंवा न्यायालयात तो आकडा टिकणार नाही. खऱ्या मीटरला मोजण्याआधी आणि नंतर कॅलिब्रेटर लावतात. तो १००० हर्ट्झवर नेमका ९४ डेसिबल देतो, आणि मीटरनं ९४ दाखवलं तरच पुढचं मापन ग्राह्य. तरीही आज आणि काल, खिडकी उघडी आणि बंद, अशी तुलना करायला फोन पुरेसा आहे. त्याच फोननं, त्याच जागी, त्याच उंचीवर.

पुढच्या पानांत लोकांचे प्रश्न जसे आले तसे ठेवले आहेत, क्रम लावलेला नाही. तुमचा प्रश्न त्यात असेलच असं नाही. पण कुणालाही बोलावण्याआधी, पैसे देण्याआधी, शेजाऱ्याशी भांडण्याआधी एक आठवडा वही ठेवा. आवाज कधी सुरू झाला, कधी थांबला, कोणत्या खोलीत जास्त, खिडकी लावल्यावर बदलला का, आणि तो कसा आहे ते तुमच्याच शब्दात. आणि रात्री सगळं शांत झाल्यावर भिंतीला एकदा तळहात लावून पाहा.